त्याच चौकटीत, दर वर्षी

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल मिळाला. पीएच.डी.साठी साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, तीन वर्षांत हातावेगळा होईल असा विषय सुचवा, असं तू लिहिलं आहेस. वनस्पतींची यादी कर, पेपरही निघतील, असं तुला काहींनी सुचवलंय. त्यांची काळजी मला कळते. फेलोशिप संपते, घरचे विचारायला लागतात. पण माझं मत विचारशील तर आणखी एक यादी नको. कासवर साडेआठशेच्या आसपास वनस्पती आहेत हे आता सहलीला येणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यातली कोणती वाढतेय आणि कोणती घटतेय हे सांगायला त्याच जागेची वर्षानुवर्षं मोजणी लागते. ती तू सुरू करावीस, असं मला मनापासून वाटतं.

टोपली कारवीच घे. सात वर्षांनी एकदा फुलते. तुझी तीन वर्षं तिच्या दोन बहरांच्या मधे पडली तर तिचं एक फूलही न पाहता तू प्रबंध सादर करशील. पावसाचंही तसंच. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर असते, त्यामुळे ऐन पावसाळ्यात मोठी उघडीप पडली की सड्यावरची रोपं माना टाकतात. अशा वर्षी गेंद, ते पांढऱ्या बोंडांचं रानफूल, कमी दिसला म्हणून गेंद घटला म्हणायचं का? एखाद्या सालाचा चढउतार कोणता आणि खरी घसरण कोणती, हे तीन वर्षांच्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

कुंपणाचा वाद तुला आठवत असेल, तू तर मेढ्याचाच. पर्यटकांची झुंबड आवरायला सड्याला जाळी लागली, गुरं आत यायची थांबली, आणि पुढे गावकरीच म्हणू लागले की गवत माजलं, फुलं हटली. नंतर जाळी काढली. मला गावकऱ्यांचं म्हणणं पटतं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्याची नजर कच्ची नसते. पण चराई, पर्यटकांचे पाय आणि पावसाची लहर, यांतल्या कशाने किती फरक पडला हे आठवणीवर ठरवता येत नाही. त्यासाठी आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

राजस्थानात भरतपूरला ते ठेवता आले. तिथल्या केवलादेव या पक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाणथळीत १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांनाही ती योग्यच वाटत होती. त्यावरून तिथे गोळीबार झाला, माणसं मेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा अभ्यास मात्र बंदीच्या आधी, १९८० मध्ये सुरू झाला होता आणि तो दहा वर्षं चालला. त्यात दिसलं ते भलतंच: म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं गवत पाण्यावर पसरलं, उघडं पाणी आक्रसलं आणि पाणपक्ष्यांची जागाच गेली. बंदीनंतर वर्षभराने कोणी पाहणी करून निघून गेला असता, तर हे त्याच्या हाती लागलं नसतं.

त्याच केवलादेवमध्ये विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांबरोबर गिधाडांचीही घरटी मोजली. त्या काळी गावोगावच्या ढोरफोडीवर गिधाडांचे थवे उतरत. असला पक्षी मोजायचा कशाला, असं कोणीही म्हटलं असतं. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा संख्या कोसळलेली होती, आणि ती किती कोसळली हे ठामपणे सांगता आलं ते आधीच्या आकड्यांमुळे. पुढे कारण सापडलं, ते म्हणजे गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक; मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जात होतं. जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर २००६ मध्ये आपल्याकडे बंदी आली. म्हणून सांगतो, दुर्मीळ वायतुऱ्यामागे सगळेच धावतात. तू गेंद मोज, सोनकी मोज, तेरडा मोज. जे उदंड आहे त्याचा आकडा आज कोणी लिहीत नाही, आणि उद्या नेमका तोच हवा असतो.

आता कामाचं. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी आख. काही चराई असलेल्या जागी, काही छोटी जाळी लावून चराई अडवलेल्या जागी. तीन वर्षांत या दोहोंची तुलना होईल आणि तुझा प्रबंध त्यातूनच उभा राहील. चौकटी मात्र प्रबंधानंतरही राहिल्या पाहिजेत. जांभ्यावर मारलेला रंग दोन पावसाळ्यांत शेवाळ्याखाली जातो आणि लोखंडी खिळा गंजून तुटतो, म्हणून कोपऱ्यांना भोक पाडून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसव. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यावर मीटरभराची चौकट सापडणार नाही. जवळचा मोठा खडक धर, तिथून टेपने अंतर घे, होकायंत्राने दिशा घे, फोटो काढ.

वहीत पहिल्या पानावर लिही की तू नेमकं काय मोजतोस. गेंदाच्या एकाच रोपाला अनेक दांडे येतात आणि प्रत्येक दांड्यावर एक बोंड. तू रोपं मोजलीस आणि तुझ्यानंतरच्याने बोंडं मोजली, तर गेंद एका वर्षात कितीतरी पटींनी वाढल्यासारखा दिसेल. पेन्सिलच वापर, धुक्यात शाई पसरते. आणि जे रोप सापडलं नाही त्यापुढे शून्य घाल, जागा कोरी सोडू नकोस. कोऱ्या जागेवरून पुढच्याला कळत नाही की रोप नव्हतं, की तू पाहिलंच नाहीस.

सांगलीत कृष्णेला पाणी चढायला लागलं की आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं, हाच पहिला प्रश्न असतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पोरंही सांगतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोक एकमेकांशी ताडून पाहू शकतात, कारण पट्टी तीच आणि जागा तीच. तुझ्या चौकटींची किंमतही त्याच कारणाने वाढत जाईल.

नमुनेही जप. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतावर गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि तिथे जुना गहू साठवून ठेवलाय. दीडशेहून अधिक वर्षांनी त्या नमुन्यांतून बुरशीचा डीएनए काढला गेला, आणि गव्हाच्या दोन रोगांचं कमी-जास्त होणं हवेतल्या सल्फर डायऑक्साइडशी जोडता आलं. ज्यांनी तो गहू भरून ठेवला त्यांच्या काळात डीएनए हा शब्दही नव्हता. तू चौकटीबाहेरची चिमूटभर माती आणि वाळवलेली रोपं तारीख घालून ठेव. एक संच तुझ्याकडे, दुसरा शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये देता येतो का ते विचार.

हे एकट्याचं काम नव्हे. तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये पन्नास हेक्टरचा तुकडा आखला आणि त्यातलं एक सेंटिमीटरहून जाड असलेलं प्रत्येक झाड नंबर देऊन मोजलं. मोजणारी माणसं बदलत गेली, मोजणी चालू राहिली. तूही दुसऱ्या वर्षापासून कॉलेजची दोन मुलं सोबत घे. तुम्ही तिघांनी तीच चौकट एकमेकांचं न बघता मोजायची आणि आकडे जुळेपर्यंत थांबायचं नाही. कासाणी-आटाळीच्या एखाद्या गुराख्यालाही या कामात घे, रीतसर मजुरी देऊन. गुरं कुठल्या महिन्यात कुठे चरतात ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

वन विभागाचा परवाना पावसाळ्याआधी हातात हवा. चौकटींचा नकाशा, स्क्रूचा आणि जाळीचा तपशील आणि गाईडचं पत्र जोडून मार्चमध्येच अर्ज दे. मे महिन्यात सडा उघडा असतो, भोकं तेव्हाच पाडून घेऊ. ड्रिल माझ्याकडे आहे, बॅटरी तेवढी तू आण.

तुझे
सर