नागपुरात कारला स्वस्त टायर टाकले तर चालतील का?

गाडी शहरातच फिरत असेल तर चालतील, पण टायर स्वस्त कशामुळे आहे ते आधी बघा. कमी नावाजलेल्या कंपनीचा, आयएसआय खूण असलेला नवा टायर वेगळा आणि रिमोल्ड केलेला (म्हणजे झिजलेल्या जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) किंवा दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला वेगळा. रिमोल्ड तर मी कारला घालणारच नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. बिल करण्याआधी ते वाचा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

महागड्या टायरचा खरा फरक ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना कळतो. उन्हाळ्याची गोष्ट निराळी. पारा ४५ अंशांवर, समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरचा वेग आणि त्यात हवा कमी असली, की टायरची बाजू सतत दबून तापते आणि फुटते. तिथे महागड्याचाही भरवसा नाही. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. समृद्धीवर नेहमीचं जाणं असेल तर मात्र हात आखडू नका. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) गाडीच्या कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको. आणि टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कोणताही टायर बदलायचा, कायद्यानेही.