नायट्रिक ऑक्साइडवर काम सुरू करतोयस? आधी एवढं बघ

परवा दांडिया बाजारात शेव-उसळ खाताना तू विचारलंस, "दादा, सुरुवात कुठून करू?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे नायट्रिक आणि नायट्रस ऑक्साइडची गल्लत करू नकोस. नायट्रस म्हणजे भूल देताना वापरतात तो हसवणारा वायू. माझ्या पहिल्या सेमिनारच्या स्लाइडवर हेच चुकलं होतं, सगळे हसले ते वायूशिवायच.

धमनीची रिंग (प्रयोगासाठी कापलेला तिचा कडीसारखा तुकडा) हाताळताना आतला थर जप. मी पहिल्याच आठवड्यात चिमट्याने तो खरवडला. धमनी सैल करणारं औषध, अ‍ॅसिटिलकोलीन टाकलं, तर रिंग सैल व्हायच्या ऐवजी आवळली. दिवसभर औषधाला दोष दिला! अमेरिकी औषधशास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी १९८० साली हेच दाखवलं होतं: तो थर शाबूत असेल तरच रिंग सैलावते, कारण सैलावणारा पदार्थ तिथे तयार होतो. तोच आपला नायट्रिक ऑक्साइड, हे नंतर कळलं.

आता खरी मेख. हा वायू मेंदूतही बनतो आणि तिथून सिम्पथेटिक नसांना (वाहिन्या आवळून बीपी चढवणाऱ्या) बहुधा आवर घालतो. म्हणून एल-नेम (नायट्रिक ऑक्साइड बनणं थांबवणारं औषध) देऊन बीपी चढलं की "वाहिन्या आकसल्या" एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. शिवाय बीपी चढताच बॅरोरिफ्लेक्स (बीपी आपोआप सांभाळणारी शरीराची यंत्रणा) याच नसांचं काम कमी करतो. नसांचं रेकॉर्डिंग कमी दिसतं आणि नवखा उलटा निष्कर्ष काढतो.

भूल दिलेल्या उंदराचे आकडे जाग्या उंदराला लावू नकोस.

सध्या नुसतं बीपी नीट मोजायला शीक. आयसोफॉर्म (हा वायू बनवणाऱ्या एन्झाइमचे प्रकार) वगैरे दिवाळीनंतर. अडलास तर शनिवारी ये, जुन्या नोंदवह्या काढून ठेवतो.