कपाटातलं गोळ्यांचं पाकीट

ताई, तुमची धाकटी जाऊ २८ आठवड्यांची गरोदर आहे, दुसरी खेप. बाराव्या आठवड्यात नाव नोंदवून आली, त्यानंतर तपासणीला फिरकलीच नाही. "पहिल्या वेळी कुठे काय झालं?" म्हणते आणि लोहाच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात तसंच पडलंय. ती बेफिकीर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मला तसं वाटत नाही. खरी गोम त्या पाकिटात असावी. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. बाई घाबरून गोळ्या बंद करते आणि मग "घेतल्या का?" याला काय सांगायचं, म्हणून तपासणीच टाळते. आधी कधी चारचौघांत बोलणी खाल्ली असतील तर विचारूच नका.

"का जात नाहीस?" हे तिला उलटतपासणीसारखं लागेल. त्यापेक्षा "गेल्या वेळी गेलीस तेव्हा काय काय झालं?" असं विचारा. रांगेत किती वेळ गेला, दिवसाचा रोज बुडाला का, थोरल्याला कुणाकडे ठेवलं, पैसे कुणाकडे मागावे लागले? अडतंय कुठे ते यातच कळेल. थोरल्याला त्या दिवशी तुम्ही सांभाळलंत तरी पुष्कळ झालं.

गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवायची. काळ्या शौचाला घाबरायचं कारण नाही. तरीही सोसत नसेल तर डॉक्टर गोळी किंवा मात्रा बदलून देतात, पण "बंद केल्या" हे त्यांना खरं सांगायला हवं.

पहिली खेप सुखरूप झाली, हे ठीक. पण रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, तो मोजावाच लागतो. साखरेचंही तेच. ती २४ ते २८ आठवड्यांत बघतात, म्हणजे तिची वेळ आत्ताच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली किमान आठ भेटी सांगितल्या: १२, २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० आठवड्यांना. तिच्या दोन हुकल्यात. तिसाव्याची वाट न बघता याच आठवड्यात जा, पहिल्या बाळंतपणाचे कागद बरोबर घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांगा, त्याचं इंजेक्शन २८ आठवड्यांच्या सुमारास देतात.

आणि अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही दिसलं तर तारीख बघत बसू नका. रात्र असली तरी निघा.