वाचकांचे प्रश्न : अर्ज टाकायच्या आधी कंपनी कशी शोधायची?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा बार्शीचा, सध्या भोसरीत कॉट बेसिसवर राहतो. डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, तीन वर्षं क्वालिटीला आहे, सीएमएम म्हणजे पार्टची मापं तपासायचं मशीन चालवतो, पीसी-डीमिसवर प्रोग्रामपण बनवतो. आत्ता आहे तिथं पगार कधी 12 तारखेला कधी 18 ला, म्हणून बदलायचंय. चार महिन्यांत नोकरीच्या साइटवरून तीनशेच्या वर अर्ज टाकले. फोन आले ते कन्सल्टन्सीवाल्यांचे, एकानं तर रजिस्ट्रेशनचे दीड हजार मागितले. रूम पार्टनर म्हणतो आधी चांगल्या कंपन्या हुडक आणि मग अर्ज कर. पण चांगली कंपनी बाहेरून कळणार कशी? मोठी नावं सगळ्यांनाच माहितीयेत, तिथं आपला नंबर लागत नाही.

उत्तर : तुझा रूम पार्टनर बरोबर बोलतोय. आणि ते दीड हजार दिले नसशील अशी आशा करते, कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, पोरांकडून मागतो तो कन्सल्टंट नव्हेच.

तीनशे अर्ज म्हणजे तू जागा शोधतोयस, कंपनी नाही. जागेची जाहिरात येते तोवर ती हजार जणांनी बघितलेली असते. त्यापेक्षा तीसच कंपन्यांची यादी कर पण स्वतः निवडून. सुरुवात तुझ्या हातातल्या कामापासून कर, सीएमएम बनवणाऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर वेगवेगळी, पीसी-डीमिस म्हणजे हेक्सागॉनचं, झाइसवाल्यांकडे कॅलिप्सो असतं. चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी इथल्या मशीनिंगवाल्यांच्या वेबसाइटवर इन्फ्रास्ट्रक्चर नावाचं पान असतं ना, तिथं मशीनची यादी मेकसकट, म्हणजे कुठल्या कंपनीचं मशीन त्यासकट, दिलेली असते. ज्यांच्याकडं तुझ्या मेकचं सीएमएम आहे ती कंपनी यादीत घ्यायची. तुला पहिल्या दिवसापासून काम येणार आहे, हे त्यांना पटवायला फार बोलावं लागत नाही.

नावं कुठून आणायची म्हणशील तर सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना आहे अ‍ॅक्मा, तिच्या सभासदांची यादी आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला इंडस्ट्रीची प्रदर्शनं भरतात, त्यात स्टॉल कुणाकुणाचे ते बघ. लॅबना मान्यता देणारी एनएबीएल नावाची संस्था आहे, तिच्या साइटवर मान्यता मिळालेल्या कॅलिब्रेशन लॅब, म्हणजे मोजायची साधनं तपासून देणाऱ्या, सापडतात, त्या तर तुझ्या कामाच्या अगदी जवळच्या. गाड्यांच्या कंपन्या सगळ्यांना दिसतात रे, पण त्यांना थेट माल पुरवणारे टियर वन आणि त्या टियर वनला पुरवणारे टियर टू वाले शेकड्यांनी आहेत आणि मला विचारशील तर तुझ्यासारख्याला शिकायला तिथंच जास्त मिळतं.

आता चांगली कोणती ते. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला लागलेलं आहे. माझी पहिली नोकरी पिंपरीजवळच्या एका छोट्या कारखान्यात होती, पर्सोनेलला. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसायचा. नोकरी सोडल्यावर पैसे काढायचा फॉर्म भरला तेव्हा कळलं की शेवटच्या 14 महिन्यांचा भरणाच झालेला नाही, आणि घरी वडिलांच्या ऑपरेशनला ते पैसे हिशोबात धरलेले होते. तेव्हा हे बाहेरून तपासायची काहीच सोय नव्हती, आज दहा मिनिटांचं काम आहे, तरी पोरं बघत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

ईपीएफओ म्हणजे पीएफचं सरकारी ऑफिस, त्याच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे. कंपनीचं नाव टाक, सापडली की पेमेंटचा तपशील उघड. कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला, किती रुपये, किती माणसांचा, सगळं ओळीनं दिसतं. भरायची मुदत पुढच्या महिन्याची 15 तारीख. दोन वर्षं मागं जाऊन फक्त तारखा बघ. सगळ्या 15 च्या आत असतील तर समजायचं की तिथं पैशाची शिस्त आहे. तारखा पुढं सरकत गेल्या असतील, दोन दोन महिने एकदम भरलेले असतील तर पगाराचंपण तसंच चालत असणार, तुझ्या आत्ताच्या कंपनीचं नाव टाकून बघ म्हणजे पटेल.

मग रकमेला माणसांनी भाग. 15,000 वर पीएफ कापत असतील तर दोन्ही बाजूंचे मिळून आणि वरचे चार्जेस धरून माणशी साधारण 3,750 रुपये पडतात. भागाकार 1,900 च्या आसपास आला तर बहुतेकांचा बेसिक निम्म्यावर दाखवलाय. आणि माणसांचा आकडा नीट बघ हां, शिफ्ट सुटताना गेटमधून सहाशे माणसं बाहेर पडतात आणि पीएफला नव्वदच दिसतात म्हणजे बाकीचे ठेकेदाराच्या खात्यावर आहेत. मग तुलापण कुणाच्या रोलवर घेणार हा प्रश्न आधी विचारायचा. काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, त्यांचे आकडे वेगळे दिसतील, तिथं हा हिशोब लावू नकोस.

दुसरी गोष्ट पोरांना अजिबात माहिती नसते ती म्हणजे रेटिंगचा रिपोर्ट, कंपनी कर्ज फेडू शकेल का त्याला दिलेले मार्क म्हण. बँकेचं बऱ्यापैकी कर्ज असलेल्या कंपन्या क्रिसिल, इक्रा, केअर अशांकडून रेटिंग करून घेतात, कंपनी शेअर बाजारात नसली तरीपण, आणि त्यामागची कारणं दोन चार पानांत फुकट वाचायला मिळतात. मुख्य गिऱ्हाइकं कोण, एकाच गिऱ्हाइकावर किती अवलंबून आहेत, कर्ज किती, नवीन शेड किंवा मशीनवर खर्च करणार आहेत का. नवीन प्लांटचं वाक्य दिसलं की तिथं भरती निघणारच, जाहिरात यायच्या आधी तू पोचलेला असशील. आणि रेटिंगपुढं इश्यूअर नॉट कोऑपरेटिंग असं लिहिलेलं असेल तर कंपनी रेटिंगवाल्यांना माहितीच देत नाहीये, ते नाव मी तरी खोडते. माल फक्त पेट्रोल डिझेल इंजिनाचाच आहे का तेपण इथंच कळतं, इलेक्ट्रिक गाड्या वाढतायत तर दहा वर्षांचा विचार करताना हे बघायला पाहिजे.

एवढं झाल्यावर उरतील पंधरा एक. त्यांच्या गेटवर जा. तुमच्याकडं भोसरी पिंपरीला बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते तो दिवस सोडून जा, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला, समोरच्या टपरीवर चहा घे आणि बघत बस. गळ्यातल्या कार्डाच्या पट्ट्या किती रंगाच्या आहेत? साधारणपणे कायम माणसांची वेगळी आणि ठेकेदाराच्या माणसांची वेगळी असते. पायात सेफ्टी शूज धड आहेत की फाटलेले? चाळिशी पन्नाशीची माणसं दिसतात की सगळी पंचविशीच्या आतली? वय झालेली माणसं हसत खेळत बाहेर पडतायत म्हणजे तिथं लोक टिकतात. मग कुणालातरी विचार, पण पगार किती विचारू नको, पगार किती तारखेला होतो ते विचार. 7 च्या आत म्हणाला तर उत्तम. "तसं काही फिक्स नाही" म्हणाला तर चहाचे पैसे दे आणि नीघ.

आणि अर्ज एचआरच्या मेलवर टाकून बसू नको, क्वालिटी हेडला लिंक्डइनवर चार ओळी लिही, कुठलं मशीन, कुठले पार्ट, किती मायक्रॉनपर्यंतचं काम केलंय. त्याला सीएमएमवाल्या माणसाची गरज एचआरच्या आधी कळलेली असते. महिन्याभरात काय झालं ते मला नक्की कळव.

प्रश्न : मी नाशिकची, एम.कॉम., टॅली आणि जीएसटीचं काम येतं. मुलीमुळे सहा वर्षं घरी होते, आता परत सुरुवात करायचीय. बायकांना खरंच सांभाळून घेणाऱ्या कंपन्या कशा ओळखायच्या? वेबसाइटवर तर सगळेच छान छान लिहितात.

उत्तर : ताई, आधी एक सांगते, सहा वर्षांच्या गॅपबद्दल माफी मागितल्यासारखं बोलू नका, बायोडेटात सरळ एका ओळीत लिहा आणि पुढं चला. सातपूर अंबडला लिस्टेड म्हणजे शेअर बाजारातल्या कंपन्यांचे प्लांट आहेत तिथून यादी सुरू करा, कारण बाजारमूल्यानं पहिल्या 1,000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट द्यावाच लागतो. वार्षिक अहवालात शेवटी शेवटी असतो, फोटोबिटो काही नसतात, नुसते तक्ते. पण त्यात बायका किती, वर्षात किती जणी सोडून गेल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे सगळं आकड्यांत असतं. आणि एक तक्ता तुमच्यासाठीच आहे असं समजा, बाळंतपणाची रजा घेतलेल्यांपैकी किती जणी परत आल्या आणि आल्यावर पुढं टिकल्या किती. पुरुषांचा आणि बायकांचा सोडून जाण्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा, बायकांचा दुप्पट असेल तर वेबसाइट काय म्हणते ते सोडून द्या.

सगळ्या प्लांटचे आकडे त्यात एकत्र असतात, त्यामुळे नाशिकचं वेगळं कळणार नाही. त्यासाठी तिथं काम केलेल्या एखाद्या बाईशी बोलाच, सोडून आलेली असेल तर जास्त मोकळं बोलते.

छोट्या कंपनीत किंवा सीएच्या ऑफिसात असला रिपोर्ट नसतो, तिथं वर पहिल्या उत्तरात सांगितलेलं पीएफचं तपासा आणि मार्चएंडला, जीएसटीच्या तारखांना किती वाजेपर्यंत थांबावं लागतं ते इंटरव्ह्यूतच विचारा, नंतर नको. 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्यानं करावी लागते. मुलगी आता शाळेत जात असेल तुमची, तरीपण ती खोली बघायला मागा. मी एका कंपनीत मागितली होती, किल्ली सापडायला वीस मिनिटं गेली, आत जुन्या व्हाउचरच्या फायली आणि मोडक्या खुर्च्या, कोपऱ्यात एक पाळणा होता, त्याचं प्लास्टिकपण काढलेलं नव्हतं.