चूक आधी कुणी सांगायची, आणि किती?

प्रश्न : आमच्या गावात पंधरा द्राक्षबागायतदारांचा गट आहे. दर पंधरवड्याला एकेकाच्या बागेत जमतो. यंदा फळछाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगानं निम्म्या जणांचे घड गेले, पण बैठकीत विचारलं की ज्याची त्याची ‘बाग एक नंबर’. मी नवखा आहे. माझं काय चुकलं ते मीच आधी सांगू का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : सांगा, पण पहिला नंबर तुमचा नको. नवख्यानं सुरुवात केली तर ‘ह्याला अजून जमत नाही’ एवढंच लोक धरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी 1966 मध्ये हे तपासलं होतं. ध्वनिफितीवरच्या प्रश्नमंजूषेत 92 टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्यानं अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना जास्तच आवडला; 30 टक्केवाल्यानं सांडली, तर तो आणखी मनातून उतरला. म्हणून ज्यांचा माल दरवर्षी उठून दिसतो त्यांना बैठकीआधी एकटं गाठा. ‘दादा, यंदाची फसलेली एक फवारणी तुम्ही पहिली सांगा,’ म्हणा. त्यांच्या मागोमाग तुम्ही बोला.

नुसतं ‘माझं चुकलं’ म्हणून कुणी काही शिकत नाही. छाटणीनंतरचा कितवा दिवस, पाऊस कधी झाला, पानं किती वेळ ओली होती, औषध कोणतं, प्रमाण किती हे सगळं हवं. आणि त्या वेळी मनात काय होतं, हे तर हवंच. उदाहरणार्थ : ‘38 व्या दिवशी रात्री पाऊस झाला. सकाळी ट्रॅक्टर रुतेल म्हणून फवारणी दोन दिवस ढकलली. आठवड्याभरात पानाखाली पांढरी बुरशी.’ इथं औषधाचं नाव तेवढं सांगितलं असतं, तर शेजाऱ्यानं औषध बदललं असतं. खरी चूक दोन दिवस थांबण्यात होती.

बोलणाऱ्याला तीन मिनिटं द्या. तेवढ्यात सल्ला कुणीच द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ‘असं का केलंस?’ म्हटलं की माणूस सफाई देत बसतो. ‘पाठीवरच्या पंपानं मारता आलं असतं का?’ म्हटलं की विचार करतो.

लोक गप्प बसतात त्यामागे लाज असते, तसाच दरही असतो. रोगाची बातमी व्यापाऱ्याच्या कानावर गेली तर सौदा पडेल, ही भीती रास्त आहे. तेव्हा या बैठकीत व्यापारी नको, औषध दुकानदारही नको. रोग आलाय हे बाहेर सांगायचं, बांधापलीकडच्यानं सावध व्हायला हवं. बाग कुणाची ते सांगायचं नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. कर्ज आणि भावकीचे वाद इथं काढू नका. गटात अर्धे नातेवाईकच असतात, आणि एकदा तो विषय निघाला की पुढच्या बैठकीला चार जण कमी येतात.

प्रश्न : मी चौथीला शिकवते. मुलांना स्वतःबद्दल किती सांगावं?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : धड्याला लागेल तेवढंच, दोनेक मिनिटं. ‘मला वजाबाकीत हातचा घ्यायचा कळायचा नाही, मग काड्यांचे दहाचे गठ्ठे सोडून बघितले’ हे जरूर सांगा, आणि लगेच गठ्ठे त्यांच्या हातात द्या. आज घरात चाललेली अडचण मात्र सांगू नका. मूल ती घेऊन घरी जातं आणि त्याला करता काहीच येत नाही.