थार पुन्हा घ्याल का? चौघं हो म्हणाले, पण तुमचं घर पाचव्यासारखं आहे

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मलाही वाटून गेलं की घेऊन टाका. गुहागरजवळ चार खोल्यांचं होमस्टे, मागच्या उतारावर हापूसची १२० कलमं, घरात तुम्ही, वहिनी, दोन शाळेतली मुलं आणि गुडघ्यांनी त्रासलेली आई. दारात नऊ वर्षांची वॅगनआर. आणि हातात थारचं कोटेशन, डिझेल, फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ), ऑन-रोड १८ लाख. तुमचं ठरलंय असं की वॅगनआर एक्स्चेंजला देऊन १ लाख, एफडीतले २ लाख, आणि उरलेलं १५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी. तुम्ही थार असलेल्या पाच जणांना विचारलंत, 'पुन्हा घ्याल का?' चौघं म्हणाले डोळे मिटून घेऊ, एकानं विकून टाकली. मग चार विरुद्ध एक, घेऊ ना?

आता त्या पाच जणांबद्दल तुम्हीच जे लिहिलंय ते परत बघा. रत्नागिरीचा कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याकडे इनोव्हा पण आहे. चिपळूणचे डॉक्टर, त्यांच्या मिसेसची वेगळी गाडी. पुण्याचा तुमचा मित्र शनिवार-रविवार थार काढतो, एरवी ऑफिसला दुसरी. चौथ्याकडे घरात पिकअप. म्हणजे चौघांच्याही घरी थार ही दुसरी गाडी. आणि ज्यानं विकली, तो दापोलीचा, त्याच्याकडे ती एकच होती, घरात म्हातारे वडील, आणि दोन वर्षांत कंटाळून साधी पाच दारांची गाडी घेतली. दादा, तुमचं घर कुणासारखं आहे सांगा. माझ्याकडे येणाऱ्या लोकांतही मला हेच दिसतं, 'पुन्हा घेईन' म्हणणारे खरंच मनापासून म्हणतात, खोटं नाही बोलत ते, पण घरातली रोजची ओढाताण दुसरी गाडी करत असते म्हणून त्यांना थारचा फक्त आनंद उरतो.

तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट सरकवून चढावं लागतं, गाडी उंच, जमिनीपासूनच २२६ मिलिमीटर वर. आईंना मागे बसवणं शक्यच नाही आणि पुढे बसवायचं तरी साइड स्टेप लागेल. माणसं बसायला चारच, तुम्ही घरात पाच. मागची सीट वापरात असेल तर सामानाला जागा जेमतेम. म्हणजे गणपतीत सगळे मिळून चिपळूणला निघालात तर एक जण घरी राहणार. हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय.

आता पैशाचं बोलू, माझं काम तेच आहे.

१५ लाखांवर ९ टक्के, ८४ महिने, हप्ता येतो साधारण २४,१०० रुपये. सात वर्षांत व्याजच ५ लाख २७ हजारांच्या आसपास. होमस्टेच्या खोल्यांचं कर्ज अजून दोन वर्षं आहे, त्याचा हप्ता १३,०००. दोन्ही मिळून महिन्याला ३७,१००, वर्षाला ४ लाख ४५ हजार. तुमचं खर्च जाऊन उत्पन्न तुम्ही ११ लाख धरलंय, होमस्टेचे साडेसहा आणि आंब्याचे साडेचार. म्हणजे बऱ्या वर्षातही ४० टक्के हप्त्यात. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो हे तुम्हाला मी काय सांगायचं, त्यात मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस आला, थ्रिप्स ही कीड आली, की उत्पन्न अर्ध्यावर. आंबा अर्धा धरला तर हप्ते ५१ टक्क्यांवर जातात. मुलांच्या फिया, आईंचं औषधपाणी, फवारणीची उधारी हे सगळं उरलेल्या निम्म्यात.

पण मला टक्क्यांपेक्षा जास्त काळजी वाटते ती महिन्यांची. बँकेला पैसे दर महिन्याला लागतात आणि तुमच्याकडे पैसे येतात ते एप्रिल-मेमध्ये आंब्याचे, दिवाळीपासून मेपर्यंत पाहुण्यांचे. जून ते सप्टेंबर होमस्टे जवळजवळ रिकामं, गणपतीत येतात ते चाकरमानी आपापल्या घरी उतरतात, तुमच्याकडे नाही. त्या चार महिन्यांत हप्त्यांना १ लाख ४८ हजार लागणार, आणि थार घेतल्यावर एफडीत उरलेत २ लाख. आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी, शाळा, खतं, सगळं त्याच दिवसांत. एक हप्ता चुकला की पुढचं कर्ज महाग होतं, आणि तुम्हाला पुढे आणखी दोन खोल्या बांधायच्या आहेत. आणि किसान क्रेडिट कार्डाचे पैसे गाडीत घालायचा विचार चुकूनही करू नका. वेळेवर फेडलं तर ते ४ टक्क्यांनी पडतं, इतकं स्वस्त कर्ज कलमांसाठीच ठेवायचं असतं.

एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. इन्शुरन्समधली गाडीची किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती ठरलेल्या घसाऱ्यानं उतरते, तीन वर्षं झाली की चौथ्या वर्षी ४० टक्के कमी. तुमच्या गाडीची एक्स-शोरूम १५ लाख धरली (बाकीचे ३ लाख रोड टॅक्स, इन्शुरन्स वगैरे, डिझेलला आपल्याकडे या किमतीत १४ टक्के टॅक्स लागतो), तर चौथ्या वर्षी आयडीव्ही ९ लाख. आणि तीन वर्षं हप्ते भरूनही कर्ज शिल्लक असेल ९ लाख ७० हजार. म्हणजे देव न करो पण कुंभार्ली घाटात गाडी गेली तर क्लेम पूर्ण मिळूनही ७० हजार खिशातून. सात वर्षांच्या कर्जाचा आणि कमी डाऊन पेमेंटचा हा खरा त्रास आहे. थारची रिसेल चांगली आहे हे खरं, पण ते विकताना, अपघातात नाही.

तुम्ही लिहिलंय की पाहुण्यांना थारमधून किनारा दाखवून महिन्याला थोडे पैसे सुटतील. नाही सुटणार, उलट अंगाशी येईल. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि तेव्हा अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी हात वर करते. आणि वाळूत गाडी घालणं तर विसरूनच जा. माझ्याकडच्या एकाची गाडी भरतीत अडकली, इंजिनात पाणी गेलं, क्लेम नाकारला, दीड लाख गेले. मिठाचं पाणी चेसिसला लागलं की गंज आतून सुरू होतो, धुतलं तरी जात नाही सगळं. आणि आपल्या गुहागरच्या वाळूत कासवं अंडी घालतात हो, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, त्यावरून टायर फिरवायचे का?

सेल्समन म्हणाला की धंद्याच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल. तुम्ही होमस्टेचा रिटर्न प्रिझम्प्टिव्ह पद्धतीनं भरता, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून, त्यात गाडीचा घसारा वेगळा मिळत नाही, आंब्याचं उत्पन्न तर मुळातच करमुक्त. फायदा शून्य. हां, १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, कापतात, ते १५ हजार रिटर्न भरून परत मागा, बरेच जण सोडून देतात.

बरं, फोर बाय फोर हवी कशाला, तर बागेत जायच्या रस्त्याला. खरंच मोजा, पावसात तुम्ही बागेत गाडी घेऊन किती दिवस जाता? जूनमध्ये खतं, जुलै-ऑगस्टमध्ये मोहोरासाठीचं कल्टार, मधे ग्रासकटर मारायला. फवारण्या नोव्हेंबरपासून, तेव्हा रस्ता कोरडा. आणि पेट्या न्यायच्या एप्रिल-मेमध्ये, त्याला पिकअपच लागतो, थारमध्ये पेट्या मावतात किती! माझ्या हिशेबानं वर्षातले तीसेक दिवस. त्या जांभ्या मातीच्या चढावर चाकापुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या ओतून घ्यायला काय लागेल ते गावातल्या गवंड्याला विचारा. त्या पट्ट्यांवरून वॅगनआर पण जाईल, भाड्याचा पिकअप पण जाईल, आणि हप्ता नाही.

आता माझं मत. नवी थार, वॅगनआर देऊन, सात वर्षांच्या कर्जावर, या वर्षी, नको. थारच नको असं नाही. माणसानं आयुष्यभर एखादी गाडी मनात धरलेली असते आणि ती फक्त आकड्यांनी मोडून टाकायची नसते, मी तसं करणार पण नाही.

असं करा. वॅगनआर ठेवा, आईंची आणि मुलांची गाडी तीच. एफडीला हात लावू नका. यंदाच्या आंब्यातले २ लाख वेगळे काढा, पुढच्या वर्षीचे २ लाख. दुसऱ्या हंगामानंतर तुमच्याकडे ४ लाख असतील आणि होमस्टेचं कर्ज संपत आलेलं असेल. तेव्हा तीन-चार वर्षं वापरलेली फोर बाय फोर बघा, आताचं मॉडेल २ ऑक्टोबर २०२० ला आलं त्यामुळे तोवर बाजारात भरपूर असतील. त्याआधीचं जुनं नको, मुलं मागे बसणार आणि त्यात बाजूला तोंड करून बसायच्या सीट होत्या. नव्या मॉडेलला २०२० साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत ४ स्टार मिळालेत. ११ लाखांना मिळाली असं धरू, ७ लाख कर्ज, वापरलेल्या गाडीला व्याज जास्त म्हणून ११ टक्के, ४ वर्षं, हप्ता १८,१००, एकूण व्याज १ लाख ६८ हजार. आणि त्या वेळी १३,००० चा जुना हप्ता बंद व्हायच्या बेतात. सहामाही किंवा वार्षिक हप्ता चालेल का हे तुमच्या बँकेला आधी विचारा, बागायतदारांना काही ठिकाणी तशी सोय देतात, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती ते लेखी घ्या.

एकच गाडी ठेवायची असेल आणि वॅगनआर काढायचीच असेल तर मग थार रॉक्स किंवा जिम्नी बघा, दोन्हीला पाच दारं, आई निदान दार उघडून बसतील. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे आणि ती तुमच्या कोटेशनच्या वर जाईल, त्यामुळे पैशाच्या बाजूनं मी नको म्हणेन. जिम्नी पेट्रोल, सगळ्या व्हेरियंटना फोर बाय फोर, हलकी आहे, पण चारच सीट.

वापरलेली बघायला जाल तेव्हा पावसाळ्यात जा, दारांच्या रबरातून पाणी येतं का ते लगेच कळतं. गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च मारा, किनाऱ्यावरच्या गावातली असेल तर चेसिसचे जोड आणि सायलेन्सर बघा, नुकतंच काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर जरा खरवडून बघा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी, गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० घ्या, आरसी नावावर होईपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची इन्शुरन्समधली सूट, त्याचा त्याच्याकडे जातो, तुम्हाला नाही मिळत, ते किमतीत धरून बोला. आणि त्या दापोलीच्या माणसाला परत एक फोन करा, विकली तेव्हा त्याला किती मिळाले आणि कर्ज किती बाकी होतं ते विचारा, आकडा कळला की मला लिहा, त्यावर तुमचा हिशेब परत मांडून देतो.