बेरातला राहायचं तर कुठे: मांगालेम, गोरित्सा, किल्ला की नवं गाव?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये अल्बेनियात बेरातला दोन रात्री आहात, सोबत सत्तरीचे आई-वडील. तर किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या वस्तीत, मांगालेममध्ये राहावं, नदीपलीकडच्या गोरित्सात, किल्ल्याच्या आत, की नव्या गावात स्वस्तातलं हॉटेल घ्यावं, "नाहीतरी झोपायलाच तर जायचंय". हे उत्तर मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय.

हे वाक्य आमच्या घरात माझ्या मोठ्या दिरांच्या मालकीचं आहे. कुठेही जा, खोली स्टेशनच्या मागे, आणि कोणी तोंड वाकडं केलं की "अगं, खोलीत बसायचंय कोणाला?" म्हैसूरला मी हे चालवून घेतलं, हंपीलाही घेतलं. तिथे सकाळी निघायचं, दिवसभर हिंडायचं, रात्री येऊन पडायचं. बेरातला हा हिशोब लागूच होत नाही, कारण तिथे बघायची गोष्ट म्हणजे लोकांची राहती घरं. खालचा मजला दगडाचा, जवळजवळ आंधळा. वरचा मजला पांढरा, थोडा पुढे आलेला, आणि त्याला खिडक्याच खिडक्या. अशी घरं टेकडीवर एकावर एक चढत गेलेली. युनेस्कोनं 2005 मध्ये अल्बेनियातल्याच जिरोकास्तर या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि 2008 मध्ये बेरातला त्याच नोंदीत जोडलं, ते या वस्त्यांसाठी. मग दिवसा ती घरं बाहेरून बघायची आणि झोपायला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं, याला काय अर्थ आहे?

आम्ही नेमकं तेच केलं, म्हणजे भाऊजींनी आमच्याकडून करवून घेतलं. दीर-जाऊ म्युनिकला असतात, मी, नवरा आणि सासूबाई ठाण्याहून गेलो होतो. बुकिंग भाऊजींकडे. नव्या गावातला फ्लॅट: लिफ्ट, एसी, कपडे धुवायचं मशीन, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी. सगळं स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच दिवशी काय झालं ऐका. सकाळी चहा-नाश्ता होऊन निघायला दहा वाजले. मांगालेमच्या गल्ल्या चढून अर्ध्यावर पोचतोय तोवर ऊन असं तापलं की सासूबाई एका मशिदीच्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. बेरात समुद्रापासून आत आहे, उंचीवरही नाही, त्यामुळे वारा नाही. एक वाजता फ्लॅटवर परत. आता दुपारी चार-पाच तास करायचं काय? पडदे ओढून सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. संध्याकाळी पुन्हा तेवढंच चालून तिकडे जायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मला काही बघायचं नाही." मुंबईहून विमानं बदलत आलेली बाई म्हणते काही बघायचं नाही! भाऊजींचं मत पडलं की आईला प्रवास झेपत नाही. आईला प्रवास व्यवस्थित झेपत होता. झेपत नव्हता तो रोज दोनदा जुन्या गावात जायचा हेलपाटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न विचारता मांगालेमच्या अगदी खालच्या ओळीत, रस्त्यापासून जेमतेम पंधरा-वीस पायऱ्यांवर, एक खोली घेतली. मी आणि सासूबाई. नवऱ्याला म्हटलं, तू ठरव कुठे झोपायचं ते.

खोली साधी. लाकडी छत, जाड भिंती, लहानशी मोरी म्हणावी असं बाथरूम. पण दारापुढे फरसबंद अंगण आणि त्यावर द्राक्षाचा मांडव. घरमालकीणबाई साधारण सासूबाईंच्याच वयाच्या. त्या मांडवाखाली क्रोशा घेऊन बसायच्या. तिकडे बायका क्रोशाचे टेबलक्लॉथ विणून भिंतीवर टांगून विकतात, किल्ल्यात तर गल्लीच्या गल्ली त्यांनी भरलेली असते. सासूबाई आधी लांबून बघत होत्या. मग खुर्ची जवळ सरकवली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ही खांब मोजतच नाहीये." (खांब म्हणजे क्रोशातला उभा टाका.) आणि थोड्या वेळानं चक्क त्या बाईंच्या हातातून सुई काढून घेतली, दोन ओळी उसवल्या आणि साखळी घालून पुन्हा विणून दाखवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंनी ते काम उजेडात धरलं, उलटसुलट केलं, आणि मान हलवत परत सगळं उसवलं. दोघींची दुपार अशी गेली. एकीला अल्बेनियनशिवाय काही येत नाही, दुसरीला मराठीशिवाय, आणि भांडण मात्र चोख चाललेलं. मधे मालकीणबाईंनी डोंगरी चहा आणला, सोबत अंजिराचा मुरांबा. पाच वाजता ऊन उतरलं तेव्हा सासूबाई स्वतः म्हणाल्या, चला, नदीवर जाऊन येऊ. दार उघडलं की पाच मिनिटांत नदी.

"झोपायलाच तर जायचं" म्हणणाऱ्यांच्या हिशोबात ही दुपार कुठेच नसते. म्हातारी माणसं बरोबर असली की दिवसाचे चार-पाच तास मुक्कामावरच जातात. ते तास तुम्ही कुठे घालवणार, हा खरा प्रश्न आहे.

संध्याकाळचं पण सांगते. तिथे सूर्य कलला की अख्खं गाव चालायला बाहेर पडतं, त्याला ते 'जिरो' म्हणतात. गाड्यांना बंद असलेल्या बुलेव्हारवर आजी-आजोबा, नटलेल्या मुली, बाबागाड्या, सगळे इकडून तिकडे, परत तिकडून इकडे. आता खरं म्हणजे हा रस्ता नव्या गावाला लागून आहे, त्यामुळे फ्लॅटवाल्यांनाही तो जवळच. एवढा एक गुण भाऊजींना द्यायला माझी ना नाही.

आता तुमचे पर्याय.

गोरित्सा म्हणजे ओसुम नदीच्या पलीकडची वस्ती. मांगालेममध्ये राहून मांगालेम दिसत नाही, हे बुकिंग करताना कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या फोटोमुळे तुम्ही बेरातला निघालात तो, खिडक्यांच्या रांगांचा, नदीपलीकडून काढलेला असतो. तो देखावा गॅलरीतून हवा असेल तर गोरित्सा. रात्री समोरच्या घरांवर दिवे सोडतात तेव्हा तर फारच सुरेख. वस्ती शांत आहे, दुकानं-खानावळी कमी. गोरित्साचा जुना पूल 1780 च्या सुमारास अहमद कुर्त पाशानं बांधवलेला, सात कमानींचा. तो ओलांडून अलीकडे यायचं. पूल सपाट आहे, आई-वडिलांना त्रास नाही. पण गोरित्साच्या पाठीशी दक्षिणेला डोंगर आहे, त्यामुळे हिवाळ्यात ऊन फार थोडं मिळतं. तुम्ही जूनमध्ये जाताय, तुम्हाला ती सावली फायद्याचीच.

किल्ला. हे मन मोडणारं उत्तर आहे, कारण मला स्वतःला किल्ल्यातच राहायचं होतं. पन्हाळ्यावर कशी माणसं वस्ती करून आहेत, तसं तिथे तटाच्या आत अजून गाव नांदतंय. कपडे वाळत घातलेले, मांजरं, अंगणात डाळिंबं, आणि मधेच एखादं बायझंटाइन चर्च. त्यातल्या एका चर्चमध्ये ओनुफ्रीचं संग्रहालय आहे, सोळाव्या शतकातला चित्रकार, त्याचा लाल रंग बघायलाच हवा. दिवसा सहलींच्या बसमधून आलेल्या लोकांची गर्दी असते. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर किल्ला तिथल्या लोकांचा असतो. तुम्ही दोघंच असता तर म्हटलं असतं डोळे मिटून किल्ल्यात राहा. पण गावातून वर जाणारा रस्ता म्हणजे उभा चढ, आणि त्याचे दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी आरशासारखे गुळगुळीत झालेत. कोरड्या दिवसातही बूट सरकतो, पाऊस पडला तर विचारूच नका. चढताना दम लागतो तेवढाच. गुडघे खरे बोलतात ते उतरताना. टॅक्सी दरवाजापर्यंत जाते, आत मात्र पुन्हा दगडच, आणि चाकांची बॅग तिथे डोक्यावर घ्यायची वस्तू होते. आई-वडिलांना वर चढवलंत की जिरो गेला, नदी गेली, खाली येणं हाच दिवसाचा कार्यक्रम. तेव्हा टॅक्सीनं जा, सकाळी लवकर जा, बारापर्यंत हिंडा, परत या. दक्षिणेच्या टोकावरून गोरित्सा आणि नदी बघा. आणि समोरच्या श्पिराग डोंगरावर इंग्रजीत 'नेव्हर' असं अवाढव्य लिहिलेलं दिसेल, ते चुकवू नका. 1968 मध्ये तिथे हुकूमशहा एन्व्हर होजाच्या नावानं 'एन्व्हर' लिहिलं होतं; पुढे लष्करानं ते पुसायचा प्रयत्न केला, पुसलं गेलं नाही, आणि 2012 मध्ये पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल करून हे झालं. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, असा विनोद आपल्याकडे पचला नसता. असो.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: मांगालेम, पण सर्वांत खालच्या ओळीत. किंवा गोरित्सा, तेही नदीलगत. 'मांगालेम' एवढंच बघून बुकिंग करू नका, कारण त्याच नावाखाली रस्त्यालगतचं घर पण येतं आणि शंभर पायऱ्यांवरचं पण. 1961 मध्ये कम्युनिस्ट सरकारनं बेरातला संग्रहालय-नगर जाहीर केलं, म्हणून जुन्या वस्तीत सिमेंटचे ठोकळे उभे राहिले नाहीत. त्याच कारणानं आज तिथे लिफ्ट नाही आणि खोलीपर्यंत गाडी नाही. घरमालकांना निरोप पाठवून दोनच गोष्टी विचारा: गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि खोली घराच्या वरच्या मजल्यावर असेल तर आतला लाकडी जिना किती उभा आहे. जिन्याचा फोटो मागा. बाल्कनीचा फोटो ते न मागताच पाठवतात. शिवाय सामान घ्यायला कोणी खाली येईल का तेही विचारून ठेवा, बहुतेक जण येतात.

न्याय्य असावं म्हणून हेही लिहिते. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एसी नसलेली जुनी खोली घेऊ नका, जाड भिंतींचं कौतुक छताखालच्या खोलीला लागू पडत नाही. आईंना किंवा बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल तर बाथरूम त्याच मजल्यावर आहे ना बघा. पहाटेच्या बांगेनं झोपमोड होणारं कोणी असेल तर मशिदीपासून जरा लांबचं घर. आणि कोणाचा गुडघा खरंच कामातून गेलेला असेल तर नव्या गावातली लिफ्टच बरी. पण मग ती गुडघ्यासाठी घेतली असं म्हणा, झोपेचं तत्त्वज्ञान सांगू नका.

आमचे भाऊजी त्या संध्याकाळी "बघू तरी काय घेतलंय" म्हणत मांडवाखाली आले. मालकीणबाईंच्या मुलानं घरची राकी, म्हणजे तिथली दारू, ओतली, मग दुसरी ओतली, आणि अकरा वाजले तरी साहेब उठेनात. परत गेल्यावर ट्रिपच्या शीटमध्ये त्यांनी नोंद केली: 'मांगालेम खोली, वैयक्तिक खर्च'. त्याच पानावर 'फ्लॅट, सामायिक'. म्हणजे ज्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी नंतर राहिलोच नाही त्यात आमचा वाटा पूर्ण, आणि ज्या अंगणात अख्खं कुटुंब बसलं त्याचे पैसे माझे एकटीचे. हा वाद आमच्या ग्रुपवर अजून मिटलेला नाही. तुम्ही भावंडांबरोबर जाणार असाल तर राहण्याचं बजेट माणशी किती, हे बुकिंगच्या आधीच ठरवून लिहून ठेवा, आणि त्यात दुपारचे तास धरा.

शेवटचं, टॅक्सीबद्दल. बसचा अड्डा गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर आहे, सामानासकट टॅक्सी लागेलच. ड्रायव्हर पाच हजार लेक (तिथलं चलन) म्हणाला तर लगेच भांडू नका, त्याला पाचशे म्हणायचं असू शकतं. 1965 मध्ये तिथल्या चलनातलं एक शून्य उडवलं, पण लोकांच्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही. "जुने की नवे?" एवढं विचारायचं. आमच्या वेळी भाऊजींनी न विचारता खरोखरच पाच हजार काढून हातावर ठेवले होते. ड्रायव्हरनं हसत हसत साडेचार हजार परत केले. ही नोंद शीटमध्ये नाही.